सहावं नाव

चॅट्सवर्थ,
८ जुलै १९८४

लोगा,

आज सकाळी शेजारच्या मुन्यम्माने वर्तमानपत्र आणून माझ्या पुढ्यात आपटलं. म्हणाली, "बघ तुझा भाऊ, नवरदेवासारखा बसलाय." बघितलं. टाय लावून, केस चोपून, पक्षाचा पुढारी रामखेलावन, त्याच्या शेजारी. खाली छापलंय : भारतीय सेवा पक्षाचे चॅट्सवर्थमधले उमेदवार, माजी शिक्षक श्री. लोगनाथन वीरासामी. राहतोस स्टँगरला उसाच्या मळ्यांत आणि उभा राहतोस आमच्या इथून. इथल्या अर्ध्या पोरांना तू गणित शिकवलंस, त्या जोरावर ना?

मग गणितच करू या. नवी संसद तीन खोल्यांची. पुढची मोठी गोऱ्यांची, मधली मिश्रवर्णीयांची, मागची आपली. ज्यांचा हा देश त्या काळ्या लोकांना अंगणातसुद्धा पाय ठेवायला जागा नाही. मधल्या आणि मागच्या खोलीने मिळून सगळे हात वर केले तरी पुढच्या खोलीचे हात जास्तच. हे तुला कळत नाही असं नाही. कळूनही उभा राहिलास, म्हणून राग येतो.

केटो मॅनरचं आपलं घर पाडायला बुलडोझर ज्यांनी पाठवला, तेच आता खुर्ची घेऊन आलेत. आणि तू रुमालाने ती पुसून टेकायला निघालास.

तुझी भाची मलीगा रोज कॉलेजातून आली की मैत्रिणींबरोबर दारोदार जाते. मत देऊ नका म्हणून सांगते. उद्या तुझ्या पोस्टरखालून जाताना तिने मान खाली घालायची का?

फोन करू नकोस. आमच्या फोनवर पोलीस ऐकतात म्हणे. पत्र उघडायला त्यांना निदान पाणी तरी गरम करावं लागेल.

अमृतम


स्टँगर,
१५ जुलै १९८४

अक्का,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना तुझा आवाजच इतका मोठा येत होता की शब्द कळेनात.

तू नर्स आहेस. इस्पितळ कोणी बांधलं हे विचारून तू रोग्याच्या जखमेला हात लावतेस का? ते इस्पितळही त्यांचंच आहे. तिथेही काळ्यांचे वॉर्ड वेगळे आहेत. तरी तू पहाटे उठून पांढरी टोपी घालून जातेस, आणि तुझ्या हातून माणसं बरी होतात. मी तसंच करायला निघालोय.

केटो मॅनरचं मला सांगू नकोस. त्या दिवशी आंब्यावर चढून मी बसलो होतो, उतरायला तयार नव्हतो, आणि अप्पांनी पायाला धरून मला खाली ओढलं. त्यांना पोलिसांची भीती होती. तेव्हा आपल्या बाजूने आत ओरडणारा एक माणूस असता तर? आमचा पक्ष लहान आहे. फार तर तीन-चार जण निवडून येतील. पण एक जण ओरडला तरी ते कागदावर नोंदलं जातं. बाहेर रस्त्यावर तुम्ही ओरडता, ते वारा घेऊन जातो.

इतकी वर्षं बहिष्कार घालून काय मिळवलंत? स्वच्छ हात. स्वच्छ हातांनी गळकं छप्पर दुरुस्त होत नाही, अक्का.

मी लढणार. मलीगा दारोदार जाते तर जाऊ दे, मीही जातो. पोरगी माझ्यासारखीच हट्टी निघाली म्हणायची. अम्माला नमस्कार. तिचं मत मी माझ्या बाजूला धरून चाललोय.

तुझा,
लोगा


चॅट्सवर्थ,
५ ऑगस्ट १९८४

लोगा,

अम्मा बोलते आहे आणि मी लिहिते आहे. एक शब्द बदललास तर जेवणार नाही, अशी तिने शपथ घातली आहे. तेव्हा पुढचं सगळं तिचं.

लोगा, काल दुपारी तुझा एक माणूस दारात आला. टाय होता, बुटांना पॉलिश होतं. मी ओट्यावर मडुंबीचे कंद सोलत बसले होते. म्हणाला, "आजी, तुम्हाला मतदानाला चालत जायला नको. टपालाने मत देता येतं, मी घेऊन जातो. इथे अंगठा लावा."

मी म्हटलं, "कोणासाठी?"

"वीरासामी सरांसाठी."

"आणि नाही लावला तर?"

तर तो जरा जवळ आला, आवाज खाली केला. म्हणाला, "आजी, तुमच्या भल्यासाठी सांगतो. मत दिलं नाही तर पुढच्या महिन्यापासून म्हातारपणाची पेन्शन बंद होईल. सरकारला कळतं सगळं."

मी विचारलं, "हा वीरासामी माणूस कसा आहे?"

"देवमाणूस आहे, आजी."

"त्याच्या आईला विचारलंस?"

त्याला काही कळेना. मी त्याला हाताला धरून रस्त्यावर नेलं. मुन्यम्माला हाक मारली, समोरच्या कासिमच्या बायकोला हाक मारली, पलीकडच्या दोन म्हाताऱ्या आल्या. मी म्हटलं, "आता मोठ्याने सांग, काय बंद होणार?" तो लाल झाला. मग कासिमची बायकोच म्हणाली, "अगं, आमच्याकडे परवा येऊन गेला. माझ्या सासूचा अंगठा घेऊन गेला. ती बिचारी तेव्हापासून रडते आहे, की पेन्शन गेली तर सून, म्हणजे मीच, तिला घराबाहेर काढीन."

लोगा, मी तुला नऊ महिने पोटात वाढवलं तेव्हा मला कुणी भीती घालून वाढवायला लावलं नव्हतं. माझं मत हवं होतं तर दारात येऊन मागायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं, पण चहा दिला असता. तुझ्या माणसालाही दिला. त्याने प्यायला नाही.

बस. अमृतम, एवढंच लिही.

(एवढंच लिहिलं. अमृतम.)


स्टँगर,
१२ ऑगस्ट १९८४

अम्मा, अक्का,

मी रामखेलावनजींना विचारलं. ते म्हणाले, एखादं पोरगं उत्साहाच्या भरात जास्त बोललं असेल, समज देतो. पक्षाचं तसं धोरण नाही. मी शब्द देतो.

पण तुमच्या बाजूचंही जरा बघा. बुधवारी शाळेच्या सभागृहात माझी सभा होती. पुढच्या दोन रांगांत पक्षाचे लोक आणि मागे सगळ्या मोकळ्या खुर्च्या. मी तोंड उघडलं आणि खिडकीतून अंडी आली. ज्या पोरांना मी फळ्यापुढे उभं करून बेरजा शिकवल्या, ती पोरं बाहेरून ओरडत होती, "सर, तुमचं उत्तर चुकलं!"

मी अंडं पुसलं आणि भाषण पुरं केलं. रिकाम्या खुर्च्यांना ऐकवलं. इतक्या सहज मी उठणार नाही.

लोगा


स्टँगर,
३० ऑगस्ट १९८४

अक्का,

निवडून आलो!

मतं कमी पडली हे मान्य. दहातल्या आठांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही, हेही मान्य. तुमचा बहिष्कार यशस्वी झाला, अभिनंदन. पण मी निवडून आलो, आणि आता मी काय करतो ते बघ. पक्षाला तीन जागा मिळाल्या.

दिवसभर मी दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर होतो. तुमच्या बाजूला काही गडबड झाली असं उडत उडत कानावर आलं. सगळे ठीक ना?

रविवारी रामखेलावनजींच्या बागेत जेवण आहे. बिर्याणीचे हंडे चढणार आहेत. अम्माला न्यायला गाडी पाठवतो. झालं गेलं विसरून तिने यावं. तिने पहिल्या रांगेत बसावं असं मला फार वाटतं.

लोगा


चॅट्सवर्थ,
२ सप्टेंबर १९८४

गाडी परत पाठवली आहे. अम्मा येणार नाही.

अमृतम


केपटाउन,
२७ सप्टेंबर १९८४

अक्का,

तू माणूस आहेस की दगड?

मलीगाला पकडून महिना होत आला आणि ते मला आज कळतंय. तेही रामखेलावनजींकडून, जेवणाच्या टेबलावर, सूप पिताना. "तुमची भाची आत आहे म्हणे, वीरासामी. जरा सांभाळा, पक्षाचं नाव जातं." म्हणजे मी तुला बिर्याणीचं आमंत्रण लिहीत होतो तेव्हा ती कोठडीत होती, आणि तू मला एका ओळीत गाडी परत पाठवल्याचं कळवलंस!

मी तिचा मामा आहे. तिचे वडील गेले तेव्हा तिला कडेवर घेऊन स्मशानातून मी परत आणलं. मला सांगायला तुझी जीभ का उचलली नाही?

लोगा


चॅट्सवर्थ,
४ ऑक्टोबर १९८४

लोगा,

सांगितलं असतं तर तू उपकार केला असतास. म्हणून नाही सांगितलं.

आता कळलंच आहे तर नीट ऐक. मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर पोरं-पोरी हातात हात गुंफून गाणी म्हणत उभी होती. दगड नाही, काठी नाही. पोलीस आले ते कुत्रे आणि चाबूक घेऊन. पोरं पांगली. सहा मुली हात सोडेनात म्हणून त्यांना तशाच, साखळीसारख्या, गाडीत कोंबल्या. मलीगा, शकुंतला रामदीन, फरीदा ओस्मान, त्या दोघी नायकर बहिणी आणि नोमुसा गुमेडे. नोमुसा मलीगाच्या वर्गातली, इनांडाची. आपल्याकडे जेवायला यायची. अम्माच्या हातचं लोणचं तिला इतकं आवडायचं की अम्मा तिच्यासाठी वेगळी बरणी भरायची.

पाच जणी एका कोठडीत आहेत. नोमुसा वेगळी, काळ्या बायकांच्या बाजूला. तिथे पांघरूण कमी आणि जेवणात नुसती मक्याची लापशी. पाच जणी रोज संध्याकाळी खिडकीशी उभ्या राहून तिचं नाव घेऊन हाका मारतात, आणि पलीकडून ती ओ देते. मला हे तिथल्या एका वॉर्डरणीने सांगितलं. तिचं बाळंतपण मी केलं होतं.

खटला नाही, आरोप नाही. किती दिवस ते माहीत नाही. मी रोज कामावर जाते, येताना तुरुंगाच्या दारात धुतलेले कपडे देते, मळके घेऊन येते. मळक्या कपड्यांत कधी रक्त दिसत नाही ना, एवढं बघते आणि घरी येते.

तुझ्याकडून मला काही नको.

अमृतम


स्टँगर,
१८ नोव्हेंबर १९८४

अक्का,

तू नको म्हटलंस तरी मी केलं. मामापण काही विचारून मिळत नाही.

पाच आठवडे मी दारं ठोठावली. मंत्र्याच्या सचिवाने शेवटी मान डोलावली. पाच जणी सुटतील, फक्त पुन्हा निदर्शनात भाग घेणार नाही असं सही करून द्यायचं. मी विचारलं, "सहावी?" तो म्हणाला, "श्री. वीरासामी, ती तुमच्या समाजाची नाही. तिचा विषय तुमच्याकडे येत नाही." अगदी सौम्यपणे म्हणाला, रेल्वेत चुकीच्या खिडकीवर आलेल्या माणसाला सांगावं तसा. मी मनात म्हटलं, आधी पाच तर बाहेर काढू.

काल तुरुंगात गेलो. मलीगाला आणलं. हडकलीय, पण केस नीट विंचरलेले होते. मी तिला सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, नोमुसाचं काय?"

"तिचं माझ्या हातात नाही, बाळ."

"मग आमचंही तुमच्या हातात नको."

मी म्हटलं, "मलीगा, वेडेपणा करू नकोस. आई रोज दारात उभी असते. तू बाहेर येऊन नोमुसासाठी लढ."

तर म्हणते, "सही करून लढायचं? तुम्ही तसंच लढताय का तिकडे, मामा?" आणि हसली, अक्का. कुत्सितपणे नाही. अप्पा हसायचे तशी हसली. उठली आणि वॉर्डरणीला म्हणाली, "चला, आमचं बोलून झालं."

मी बाकीच्या चौघींनाही बोलावलं. चौघींनी तेच सांगितलं. फरीदा तर म्हणाली, "सर, तुम्ही आम्हाला वर्गात शिकवलं होतं, उत्तर अर्धवट लिहायचं नाही."

मी स्टँगरला परत आलो तो रस्ता मला आठवत नाही. हे तुला का लिहितोय तेही कळत नाही. तू जिंकलीस असं समज हवं तर.

लोगा


चॅट्सवर्थ,
२५ नोव्हेंबर १९८४

तंबी, धाकट्या भावा,

यात मी कुठे जिंकले? माझी पोरगी घरी येऊ शकत होती आणि आली नाही. पत्र वाचून मी न्हाणीघरात नळ सोडून रडले, अम्माला ऐकू जाऊ नये म्हणून. मग बाहेर आले तर अम्मा म्हणते, "नळ बंद कर. पोरीने बरोबर केलं."

तिला पाहून आलास. केस विंचरलेले होते असं लिहिलंस. एवढ्या एका वाक्यासाठी तुझ्यावरचा राग मी काही दिवस बाजूला ठेवला आहे. संपलेला नाही.

अमृतम


केपटाउन,
७ फेब्रुवारी १९८५

अक्का,

वर्तमानपत्रात येईल, कदाचित वेडंवाकडं येईल, म्हणून सगळं माझ्याकडून ऐक.

काल आमच्या सभागृहात मला बोलायची पाळी मिळाली. विषय होता शाळांच्या इमारती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सभापती महोदय, इमारतींबद्दल बोलण्याआधी एका इमारतीत असलेल्या काही विद्यार्थिनींची नावं मला सभागृहापुढे ठेवायची आहेत." आणि वाचायला लागलो. मलीगा मुरुगन. शकुंतला रामदीन. फरीदा ओस्मान. नायकर बहिणी. तिथपर्यंत कुणी हरकत घेतली नाही. दोघा-तिघांनी "ऐका, ऐका" असंही म्हटलं. आपल्या समाजाच्या मुली ना.

मग मी म्हणालो, "नोमुसा गुमेडे."

सभापतींनी हातोडा आपटला. "सन्माननीय सदस्यांनी भारतीय समाजाच्या विषयापुरतं बोलावं. हे नाव या सभागृहाच्या कक्षेत येत नाही."

अक्का, माझ्या शेजारी रामखेलावन बसले होते. त्यांनी माझा कोट खाली ओढला. दातांतून म्हणाले, "बसा. पाच नावं वाचलीत, पुष्कळ झालं. पाच जणींवर आपण मतं मागू शकतो." पायाला धरून खाली ओढणं मला एकदा चाललं होतं, तेव्हा मी लहान होतो. मी त्यांचा हात सोडवला आणि पुन्हा म्हणालो, "नोमुसा गुमेडे." हातोडा. "नोमुसा गुमेडे." हातोडा. नोंद करणाऱ्या बाईने लेखणी खाली ठेवली होती. मी तिला म्हटलं, "बाई, हे लिहा." तिने सभापतींकडे पाहिलं आणि नाही लिहिलं.

मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं ना, की आत ओरडलेलं कागदावर नोंदलं जातं. नाही नोंदलं जात. ज्या नावासाठी ओरडायचं तेवढंच सोडून बाकी सगळं नोंदतात.

मी खिशातून राजीनामा काढून सभापतींच्या टेबलावर ठेवला. तो मी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. रामखेलावन मागून म्हणाले, "एका काफिर पोरीसाठी?" काळ्यांसाठीची ही शिवी ते एरवी चारचौघांत तोंडात आणत नाहीत, भाषणात तर बंधुभाव वगैरे असतो. मी वळून म्हटलं, "तिला नाव आहे. मी तीन वेळा वाचलं. तुम्हाला ऐकू आलं नाही?"

आता माझ्याकडे पक्ष नाही, खुर्ची नाही, शाळेतली नोकरीही परत मिळणार नाही. घरी यावं म्हणतो. येऊ का?

लोगा


चॅट्सवर्थ,
१४ फेब्रुवारी १९८५

लोगा,

तुझं पत्र अम्माला वाचून दाखवलं. मग तिने मुन्यम्माला बोलावून पुन्हा वाचायला लावलं.

तू हार-तुऱ्यांची अपेक्षा करू नकोस. पाच महिने तू त्या बाकावर बसलास, हे इथे कोणी विसरलेलं नाही. बसस्टॉपवर एक जण मला म्हणाला, "जहाज बुडायला लागलं की उड्या मारतात." मी म्हटलं, "जहाज बुडत नाहीये रे, झोकात चाललंय. म्हणून तर उडी मारायला छाती लागते." म्हणजे बाहेर मी तुझ्या बाजूने भांडते. घरात तुला ऐकवायचं ते ऐकवीनच.

अम्माचा निरोप : ये. अंधार पडल्यावर येऊ नकोस, मागच्या गल्लीने येऊ नकोस. शनिवारी भर दुपारी, सगळी गल्ली ओट्यावर बसलेली असते तेव्हा, पुढच्या दाराने ये. ज्यांना शिव्या द्यायच्या त्यांना देऊ दे. उभा राहून ऐक, मग आत ये. आणि आधी कासिमच्या घरी जा. त्याच्या आईपुढे बस आणि पेन्शन कुणीही बंद करू शकत नाही हे तिला तुझ्या तोंडून सांग.

अमृतम


चॅट्सवर्थ,
१६ मे १९८५

अक्का,

तुझी तार काल दुपारी आली. "सहाही सुटल्या. खटला फेटाळला. नोमुसाला घरी सोडून चार दिवसांनी येते." पोस्टाचा माणूस पत्ता शोधत मतदान केंद्रापर्यंत आला, कारण घरी कोणीच नव्हतं. मी मोठ्याने वाचली. मुन्यम्माने पदर डोळ्यांना लावला, कासिमची बायको मला पाठीत बुक्के मारायला लागली. सरकारने शेवटी पोरींवर खटला भरला तेव्हापासून तू पीटरमारित्झबर्गच्या कोर्टात इतके दिवस बाकावर बसून काढलेस, तुझी पाठ कशी आहे? पोरींना माझं काही सांगू नकोस. फक्त मामाने विचारलं एवढं सांग.

आता इथलं. माझ्या रिकाम्या जागेची काल निवडणूक झाली. सेवा पक्षाने रामखेलावनच्या पुतण्याला उभं केलं होतं आणि तो निवडून आला. आज सकाळी रेडिओवर सांगितलं. ऑगस्टमध्ये मला जेवढी मतं पडली होती त्यांच्या निम्मीसुद्धा त्याला नाहीत. तरी खुर्ची त्याचीच. ती रिकामी राहील असं मला वाटलं नव्हतंच.

घोळक्याला बंदी होती, म्हणून मत देऊ नका असं सांगणारे आम्ही एकेकटे, हाकेच्या अंतरावर उभे होतो. माझी जुनी पोरं जाता-येता ओरडत होती, "काय खासदारसाहेब, आज अंडी आणली नाहीत हं!" मी म्हटलं, "उद्या आणा, न्याहरीला." हसली. त्यांतला एक माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि दिवसभर हलला नाही.

अम्मा घरातली खुर्ची घेऊन आली होती. फाटकाच्या अगदी समोर ठाण मांडून बसली. येणाऱ्या प्रत्येक म्हातारीला विचारायची, "भीती घातली का कुणी? नाही ना? मग मनाने जा, नाहीतर मनाने परत फीर." बऱ्याच परत फिरल्या. एक गोरा फौजदार आला आणि म्हणाला, "आजी, इथे बसता येणार नाही." अम्मा म्हणाली, "मी पोटच्या पोराला मत दिलं नाही, तुझ्यासाठी उठू होय?" त्याला तमिळ कळत नव्हतं. मी भाषांतर केलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि निघून गेला.

दुपारी पुतण्याची गाडी आली. गळ्यात हार, बरोबर वर्तमानपत्राचा फोटोवाला. त्याला कुणीतरी सांगितलं असणार की ही वीरासामीची आई. मला बाजूला सारून तो सरळ अम्माकडे आला. फोटोवाल्याला खूण केली आणि म्हणाला, "अम्मा, मुलगा चुकला म्हणून काय झालं? मलाच तुमचा मुलगा समजा. आशीर्वाद द्या." आणि पाया पडायला वाकला.

अम्माने चपला खाली सोडल्या, दोन्ही पाय वर घेतले, खुर्चीतच मांडी घातली आणि साडी ओढून पाय झाकून घेतले.

तो वाकलेलाच होता, अक्का. समोर नुसत्या चपला. आणि फोटोवाल्याने नेमका तेव्हाच फोटो काढला.

तुझा,
लोगा